चालून दाव की जरा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीत, आमच्या चांदीकामाच्या घरी पैंजणाचं माप घ्यायची एक रीत होती. घाऊक मालाची मापं ठरलेली असायची. नऊ, साडेनऊ, दहा, साडेदहा इंच. त्यात विचारायचं काही नसे. पण शेजारपाजारची किंवा पै-पाहुण्यांतली कुणी स्वतःसाठी जोड करून घ्यायला आली, की आत्या लगेच दोरा हातात घ्यायची नाही. आधी म्हणायची, "चालून दाव की जरा." बाई सोप्यातून उंबऱ्यापर्यंत जायची, वळायची, परत यायची. आत्याची नजर पावलांवर खिळलेली. मग दोरा घोट्याभोवती फिरायचा, आत एक बोट सरकायचं आणि आत्या आकडा सांगायची.

सारख्याच जाडीच्या घोट्याच्या दोघी बहिणींना तिनं एकदा वेगवेगळी मापं दिली. धाकटी कॉलेजात जाणारी, थोरली दिवसभर रानात भांगलण करणारी. थोरलीचा पाय संध्याकाळपर्यंत भरून यायचा, म्हणून तिला अर्धा इंच जास्त. "घोटा मापायचा नसतो गं, चाल मापायची," आत्या म्हणाली होती. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. शेजारी आई कड्या जोडत बसली होती. चांदी आटवायची, जंत्रीतून तार ओढायची, कड्या पाडायच्या, जोडायच्या, डाग द्यायचा, घुंगरू लावायचे, झिलई करायची; एका जोडीमागे हुपरीत इतके हात लागतात. त्या सगळ्या हातांचं काम पायात नीट बसणार की नाही, हे त्या चार पावलांच्या फेरीत ठरायचं.

आत्याचं ते वाक्य मला पुन्हा आठवलं ते थेट काश्मीरमध्ये, गुडघाभर बर्फात.

गेल्या फेब्रुवारीत मी गुलमर्गला गेले. बर्फावर स्की करायला शिकायचं होतं आणि त्यावर लिहायचंही होतं. गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तिथून गोंडोला, म्हणजे रोपवे, दोन टप्प्यांत अफरवत पर्वताच्या खांद्यावर, जवळजवळ ३,९५० मीटरपर्यंत नेतो. पण नवशिक्याचं जग खालच्या सौम्य उतारावरच असतं. साहित्य भाड्यानं देणाऱ्या एका दुकानात माणसानं माझ्याकडे एक नजर टाकली आणि डोक्याबरोबर येणारी, १६० सेंटिमीटर लांबीच्या स्कीची जोड पुढं केली. माझी उंची १५८. आकड्याला आकडा जुळला म्हणून मीही समाधानानं घेतली.

पुढचे दोन दिवस मी उभी कमी होते आणि पडलेली जास्त. स्कीची पुढची टोकं एकत्र आणायची आणि मागची फाकवायची, म्हणजे वेग मंदावतो. जगभरचे शिक्षक या आकाराला पिझ्झा म्हणतात, जुन्या पुस्तकांत तो नांगर आहे. माझा नांगर होतच नव्हता. टोकं एकमेकांवर चढायची, मागची शेपटं बर्फात रुतायची आणि वळायचा विचार पायापर्यंत पोचेस्तोवर उतार संपलेला असायचा. दोष माझ्या वयाचा, गुडघ्यांचा, भीतीचा, असंच मी धरून चालले होते.

तिसऱ्या दिवशी शिक्षक बदलले. नवे शिक्षक तिथलेच, फारसे न बोलणारे. त्यांनी माझ्या स्कीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "जरा मुडके दिखाइए." वळून दाखवा. मी वळले, म्हणजे वळायला गेले आणि पडले. त्यांनी १४४ सेंटिमीटरची, जेमतेम ओठांपर्यंत येणारी जोड मागवली. तासाभरात माझा नांगर लागला. दुपारी मी स्वतःहून थांबले. उतार तोच, बर्फ तेच, बाईही तीच. मधून सोळा सेंटिमीटर तेवढे गेले होते.

ते सोळा सेंटिमीटर नेमकं काय करतात, याचा शोध मी तिथून सुरू केला.

लांबीचा हा प्रश्न स्कीइतकाच जुना आहे, आणि त्याचं उत्तर प्रत्येक पिढीनं वेगळं दिलं आहे. स्कँडिनेव्हियात शेकडो वर्षं लोक दोन पायांत दोन वेगवेगळ्या लांबीच्या स्की घालत. एक लांबलचक, तीन मीटरच्या आसपासची, घसरण्यासाठी. दुसरी आखूड, तळाला जनावराचं कातडं लावलेली, रेटा देण्यासाठी. हुपरीच्या माणसाला विजोड जोडी ही कल्पनाच पचायची नाही. पण सपाट बर्फाळ रानातून शिकारीला जाणाऱ्याला एक पाय घसरायला हवा होता आणि एक ढकलायला. माप कामावरून ठरलं होतं.

नॉर्वेच्या टेलेमार्क भागातल्या मोर्गेडालचा सोंद्रे नोरहाइम १८६८ साली क्रिस्तियानियाच्या, म्हणजे आजच्या ऑस्लोच्या स्पर्धेत उतरला. त्याची स्की मधोमध कंबरेसारखी निमुळती होती आणि टाचेमागून पट्टा घेऊन पायाला घट्ट बांधलेली. त्यामुळे तो उतारावर वळू शकत होता. पुढं ऑस्ट्रियातल्या लिलियनफेल्डच्या मथियास झ्डार्स्कीनं नॉर्वेहून स्की मागवल्या. त्या तीन मीटरच्या जवळपास होत्या. नॉर्वेच्या पसरट टेकड्यांना त्या ठीक होत्या, आल्प्सच्या उभ्या उतारांवर त्यांचा उपयोग नव्हता. त्यानं त्या आखूड केल्या, बांधणी बदलली, १८९६ साली त्यावर पुस्तक लिहिलं आणि १९०५ मध्ये फाटकांमधून वळत उतरण्याची शर्यत भरवली. पर्वत बदलला तसं माप बदललं, हे लिखित स्वरूपात मांडणारा तो पहिल्या काही जणांतला.

विसाव्या शतकाच्या मध्यावर मात्र लांबी हा प्रतिष्ठेचा विषय झाला. हात डोक्यावर सरळ उभा करायचा आणि स्कीचं टोक मनगटाशी आलं पाहिजे, असा नियमच होता. दोनशे सेंटिमीटर, दोनशे पाच, दोनशे सात. बाल्टिमोरच्या हॉवर्ड हेड या विमान अभियंत्यानं १९५० च्या सुमारास धातूची स्की आणली. ती लाकडापेक्षा सहज वळायची, तरी लांबीचा मान काही उतरला नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेत क्लिफ टेलर यांनी नवशिक्यांना आधी जेमतेम मीटरभराच्या स्कीवर उभं करायचं आणि मग हळूहळू लांबी वाढवायची, अशी पद्धत पुढं आणली. पुष्कळांना ती पोरकट वाटली. पण माणसं लवकर शिकली.

खरी उलथापालथ झाली ती स्लोव्हेनियात. १९९३ साली एलान कंपनीनं एससीएक्स ही स्की बाजारात आणली. तिची टोकं रुंद, कंबर बारीक, बाजूची वक्रता नेहमीपेक्षा कितीतरी खोल. ती एका कुशीवर कलली की स्वतःच वळण घ्यायची. पायानं रेटून शेपूट फिरवायची गरज उरली नाही, तसं लांब पट्टीचं कारणही उरलं नाही. काही वर्षांतच स्लॅलमचे, म्हणजे फाटकांमधून वळत उतरण्याच्या शर्यतीचे, खेळाडू दोन मीटरवरून १६० च्या घरात आले, इतके खाली की आंतरराष्ट्रीय स्की महासंघाला किमान लांबी ठरवून द्यावी लागली.

हे किमान आकडे माझ्या मते या विषयावरचं सर्वांत बोलकं टिपण आहेत. वेग वाढत जाणाऱ्या चार शर्यती घेतल्या, तर पुरुषांसाठी स्लॅलममध्ये १६५ सेंटिमीटर, जायंट स्लॅलममध्ये १९३, सुपर-जीमध्ये २१०, डाउनहिलमध्ये २१८. स्त्रियांसाठी अनुक्रमे १५५, १८८, २०५ आणि २१०. म्हणजे चारही शर्यती धावणारा एकच पुरुष, तीच उंची आणि तेच वजन घेऊन, सोमवारी १६५ वर असतो आणि शनिवारी २१८ वर. मधले ५३ सेंटिमीटर त्याच्या अंगातून येत नाहीत. ते वेगातून आणि वळणाच्या आकारातून येतात. घोटा तोच, चाल वेगळी.

आता यामागचं गणित. स्कीची बाजू म्हणजे एका प्रचंड मोठ्या वर्तुळाचा तुकडा. हुपरीच्या भाषेत सांगायचं तर अवाढव्य बांगडीतून कापलेला वीतभर भाग. समजा, स्कीवर ११८-६६-१०४ असं लिहिलं आहे. हे आकडे पुढची, मधली आणि मागची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतात. दोन्ही टोकांची सरासरी १११, त्यातून कंबर ६६ वजा केली आणि अर्धी केली, की प्रत्येक बाजूची खोली साडेबावीस मिलिमीटर येते. बर्फाला टेकणारी लांबी दीड मीटर धरली, तर वर्तुळाची त्रिज्या साडेबारा मीटर. स्की नुसती कलती ठेवली तर ती या वर्तुळावर वळू पाहते. साठ अंशांत कलवली तर वर्तुळ निम्म्यावर येतं. त्रिज्या लांबीच्या वर्गानुसार वाढते, म्हणून रुंदी तीच ठेवून दीडशेच्या घरातली स्की दहा सेंटिमीटरनं लांब केली, की वळण तेरा-पंधरा टक्क्यांनी मोठं होतं. छोट्या, झटपट वळणांची हौस असणाऱ्यानं लांब स्की घेतली, तर तो सतत आपल्याच स्कीशी झगडत राहतो.

दुसरी गोष्ट फिरवण्याची. नवशिका स्की कलवत नाही, पायाखाली फिरवतो. एकसारख्या पट्टीला मध्यातून फिरवायला लागणारा जोर लांबीच्या घनानुसार वाढतो. १६० च्या जागी १८० घेतली, तर लांबी आठव्या हिश्श्यानं वाढली, पण फिरवायचं ओझं चाळीस टक्क्यांहून जास्त वाढलं. माझ्या पहिल्या दोन दिवसांचं दुखणं या घनात होतं.

मग सगळ्यांनीच आखूड स्की का घेऊ नये? कारण वेग वाढला की तोच घन आपला मित्र होतो. लांब स्की सहजी डळमळत नाही, खडबडीत बर्फावर टोकं फडफडत नाहीत, पोलादी धार जास्त लांबवर पकड घेते. शिवाय स्की ही दोन्ही टोकांवर टेकलेली कमान आहे, मधोमध माणसाचं वजन. कमान वजनानं वाकते आणि दाब टोकांपर्यंत पोचतो. वजनदार माणसाच्या पायाखाली आखूड, मऊ स्की पार दबून जाते. हलक्या माणसाखाली लांब, कडक स्की वाकतच नाही, नुसती फळी होऊन घसरते. म्हणून उंचीपेक्षा वजनाचा शब्द मोठा. उंची विचारली जाते ती भिंतीशी उभं राहून चटकन दिसते म्हणून. १७२ सेंटिमीटर उंचीचे दोघे, एक ६० किलोचा आणि एक ९० किलोचा, यांना एकच जोड देणं म्हणजे त्या दोघी बहिणींना एकच पैंजण देणं.

मोकळ्या, न दाबलेल्या बर्फात तिसरा हिशेब सुरू होतो, तरंगण्याचा. ७५ किलोचा माणूस एका पायावर उभा राहिला, तर पावलाखालच्या दर चौरस सेंटिमीटरवर साधारण ३३० ग्रॅम भार येतो. १७० सेंटिमीटर लांब आणि सरासरी ११ सेंटिमीटर रुंद अशा दोन स्कींवर तोच भार २० ग्रॅमवर उतरतो. अफरवतच्या भुसभुशीत बर्फावर हा फरक म्हणजे वर राहणं आणि मांडीपर्यंत बुडणं यातला फरक. शेन मॅकॉन्की या अमेरिकेतल्या अवलियानं खोल बर्फात वॉटर-स्की वापरून पाहिल्या आणि २००२ साली व्होलांट कंपनीनं त्याच्या कल्पनेवरून स्पॅट्युला ही स्की आणली. तिची कमान उलटी होती, होडीच्या तळासारखी. आज बहुतेक स्कींची टोकं थोडीफार वर उचललेली असतात. अशा स्कीचा बर्फाला टेकणारा भाग तिच्या लिहिलेल्या लांबीपेक्षा कमी असतो, म्हणून ती पाच-दहा सेंटिमीटर लांब घेतली तरी दाबलेल्या वाटेवर आखूडच वागते. स्कीवरचा आकडा वाचताना ती जमिनीवर ठेवून तिची कमानही पाहावी, ते यासाठी.

तर निवड कशी करायची? माझ्या उंचीची, १६० सेंटिमीटरच्या आसपासची आणि ५५ किलोच्या घरातली बाई धरून सांगते. हे आकडे म्हणजे सुरुवातीची खूण आहे, शेवटचा निकाल नव्हे.

पहिल्यांदाच उभ्या राहणारीनं हनुवटी आणि नाक यांच्या मधली, १४० ते १४५ ची घ्यावी. ती थांबायला शिकली, वळणं जोडू लागली आणि दाबलेल्या वाटेवरच रमणार असेल, तर १४८ ते १५५, कंबर ७५ मिलिमीटरच्या आत. लहान-लहान वळणं आवडत असतील तर या पट्ट्यातली आखूड बाजू, लांब सैल वळणं आणि वेग आवडत असेल तर लांब बाजू. आज वाटेवर आणि उद्या वाटेबाहेर असा मिश्र बेत असेल, तर नाकापासून कपाळापर्यंतची, कंबर ८० ते ९५. खोल बर्फासाठी टोकं उचललेली, कंबर १०० च्या पुढची, डोक्याइतकी किंवा त्याहून चार-पाच सेंटिमीटर लांब. स्वतःच्या पायांनी डोंगर चढून मग उतरायचं असेल, तर पुन्हा आखूड. दर पावलाला ते वजन उचलायचं असतं आणि उभ्या चढावर जागच्या जागी दिशा बदलायची असते. अंगावर मोठी पाठपिशवी असेल, तर ती शरीराच्याच वजनात धरायची. वजन उंचीच्या मानानं जास्त असेल तर पाच सेंटिमीटर वर, कमी असेल तर पाच सेंटिमीटर खाली. दोन कंपन्यांची एकाच आकड्याची स्की एक-दोन सेंटिमीटरनं वेगळी निघू शकते, कारण कुणी वळणासकट मोजतं, कुणी टोकापासून टोकापर्यंत सरळ.

एक गोष्ट आपल्याकडच्या आईबापांसाठी. आपण पोरांचे कपडे वाढत्या अंगाचे घेतो. गणवेश दोन वर्षं पुरला पाहिजे, बुटात पुढं कापूस कोंबला तरी चालतो. काटकसरीच्या घरातलं हे शहाणपण आहे आणि मी त्यातच वाढले. पण स्कीला ते लावू नये. मुलाला पुढच्या वर्षीची स्की यंदा दिली, तर यंदा त्याला वळता येत नाही, म्हणजे थांबताही येत नाही. हनुवटीपर्यंतची भाड्यानं घ्यावी आणि पुढच्या हिवाळ्यात परत बदलावी. बूट स्कीपासून सुटण्याचा जो जोर ठरवून द्यावा लागतो, तोही वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि माणूस कसा स्की करतो यांवरून ठरतो. तो जाणकार माणसाकडूनच लावून घ्यावा. पडल्यावर पाय वाचतो तो त्यामुळे.

आपल्या देशात हा खेळ मूठभरांचा, पण नवा नाही. गुलमर्गमध्ये १९२७ साली ब्रिटिश अधिकाऱ्यांनी स्की क्लब ऑफ इंडिया काढला. १९४८ पासून तिथं लष्कराची उंच पर्वतावरच्या युद्धाचं शिक्षण देणारी शाळा आहे. आमच्या जिल्ह्यात सैनिक टाकळीसारखी घरटी फौजी असलेली गावं आहेत. उसाच्या रानातून उठून हिमालयाच्या बर्फात उभं राहणं कोल्हापूरकराला तसं परकं नाही, फक्त ते नोकरीसाठी झालं, खेळासाठी नाही. १९८८ च्या कॅलगरी हिवाळी ऑलिंपिकमध्ये शैलजा कुमार उतरल्या, त्या स्पर्धेतल्या पहिल्या भारतीय स्त्री. २०१८ मध्ये मनालीच्या आंचल ठाकूरनं तुर्कीतल्या आंतरराष्ट्रीय शर्यतीत कांस्य मिळवलं. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकला भारताकडून एकटाच खेळाडू गेला, गुलमर्गच्या उतारांवर वाढलेला आरिफ खान. जायंट स्लॅलममध्ये तो ४५ वा आला. स्लॅलमलाही उतरला, पण ती शर्यत पूर्ण झाली नाही. नियमांप्रमाणे त्याच्या एका जोडीची लांबी किमान १६५ आणि दुसरीची किमान १९३. एकाच माणसाच्या सामानात दोन मापं, कारण त्याला दोन तऱ्हांनी उतरायचं होतं.

भारतात बहुतेक जण वर्षातून आठवडाभर, भाड्याच्या साहित्यावर स्की करतात. म्हणूनच विचारायची सवय इथं जास्त हवी. दुकानात उभं राहून आपली उंची सांगू नये. आपलं वजन सांगावं, हे आपलं कितवं वर्ष ते सांगावं, थांबता येतं का, वळणं जोडता येतात का, कुठल्या उतारावर जाणार, हे सांगावं. संकोचानं स्वतःला एक पायरी वर सांगणं इथं महाग पडतं. आणि शक्य असेल तर एकाच दिवशी, एकाच उतारावर, दोन लांबींच्या स्की पायात घालून पाहाव्यात. बर्फ रोज बदलतं. सोमवारची एक जोड आणि बुधवारची दुसरी यांची तुलना होत नाही.

परत आल्यावर मी हुपरीला गेले. गल्लीत डाग द्यायचं काम चालू होतं, तापलेल्या धातूचा तोच वास. आत्या आता फारसं काम करत नाही, पण दाराशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची पावलं अजून बघते. मी तिला मोबाइलवर गुलमर्गची चित्रफीत दाखवली. तिनं ती दोनदा पाहिली, माझ्या चेहऱ्याकडे नाही, पायांकडे. मी तिला सगळं सांगितलं, वजनाचं, वळणाचं, बांगडीच्या तुकड्याचं. आणि म्हटलं, आत्या, आता मी स्वतःची जोड घेणार आहे. १५१ सेंटिमीटर. सगळा हिशेब करून ठरवलंय.

"त्याच्यावरनं उतरलीस का कधी?"

"नाही अजून."

"मग आकडा कसा ठरला?" ती म्हणाली. "आधी उतरून बघ. मग घे."

तिचं बरोबर होतं. मी कागदावर चाललेली चाल मापत होते. मी जोड मागवायची थांबवली. येत्या जानेवारीत मी पुन्हा गुलमर्गला जाणार आहे, १४८ आणि १५४ अशा दोन जोड्या भाड्यानं घेऊन, एकाच सकाळी, त्याच खालच्या उतारावर. वर शिक्षकांना उभं करीन आणि सांगीन, मी वळून दाखवते, तुम्ही माझ्या पायांकडे बघा.